चार एकर सपाट जागा

मोटारींच्या खेळांमध्ये ऑटोक्रॉससारखा कमी खर्चाचा खेळ दुसरा नाही. त्याला बांधीव ट्रॅक लागत नाही, गॅलरी लागत नाही, खास बनवलेली गाडीही लागत नाही. आठवडाभर ऑफिसला जाणारी स्विफ्ट रविवारी इथे उतरते आणि सोमवारी पुन्हा ऑफिसला जाते. मोकळ्या जागेत शंकू मांडून नागमोडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. अमेरिकेतल्या हौशी क्लबांच्या नियमाप्रमाणे शंकू पाडला तर वेळेत दोन सेकंद वाढतात, वाट चुकली तर ती फेरीच बाद. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचित जाते. युरोपात याच नावाखाली धुळीत एकदम आठ-दहा गाड्या सोडतात, पण तो प्रकार वेगळा. त्याबद्दल इथे बोलत नाही.

महाराष्ट्रात या खेळाचं वेड नवं नाही. नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. रायगडच्या किनारपट्टीवरही हौशी पोरांची आणि हुशार गॅरेजवाल्यांची वाण नाही. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून तर मुंबईची गाडी वडखळ नाक्याचं तोंडही न बघता अलिबागेत उतरते. अडतं ते जागेपाशी.

जागा म्हटलं की सगळे पहिलं बोट समुद्राकडे दाखवतात. अलिबागचा किनारा ओहोटीला इतका घट्ट होतो की कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात. अलिबाग-मुरूड पट्ट्यात किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यानपिढ्या होत आल्या आहेत. बैल धावतो तिथे मोटार का नको, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचं उत्तर कायद्यात आहेच, पण कायद्याच्या आधी ते वाळूत आहे.

ओल्या वाळूवर पाऊल टाका. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी दिसते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८५ साली याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेले कण दाब आला की एकमेकांवर चढू पाहतात, त्यामुळे त्यांच्यामधली पोकळी वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ते आत ओढलं जाणारं पाणीच कणांना धरून ठेवतं, म्हणून ओली वाळू फरशीसारखी कडक लागते. पण ही पकड काही क्षणांची. चाक त्याच जागी थांबलं, घसरलं किंवा पुन्हा पुन्हा तिथूनच गेलं की पाणी समतोल साधतं, कण सुटतात आणि गाडी बसते. काशीदला किंवा नागावला पर्यटकांची रुतलेली गाडी ट्रॅक्टर लावून काढताना पाहिलेल्यांना रेनॉल्ड्स वाचायची गरज नाही.

सरळ धावणाऱ्याला किनारा मानवतो तो यामुळेच. वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर १९२०च्या दशकात जमिनीवरच्या वेगाचे विक्रम झाले ते सरळ रेषेत. (तिथेच ३ मार्च १९२७ रोजी पॅरी-थॉमस हा चालक विक्रमाच्या प्रयत्नात ठार झाला. त्याची 'बॅब्ज' नावाची गाडी लोकांनी तिथल्याच वाळूत पुरली. ती १९६९मध्ये उकरून काढली.) अमेरिकेतल्या डेटोनाला १९३६ साली अर्धी वाळूवरून, अर्धी डांबरी रस्त्यावरून अशी वळणांची शर्यत ठेवली, तेव्हा वळणांवरची वाळू उकरली जाऊन गाड्या रुतल्या आणि ठरलेलं अंतर पुरं होण्याआधीच शर्यत थांबवावी लागली. पुढे तिथे शर्यतीची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवत. शेवटी १९५८नंतर त्यांनी वाळू सोडली आणि १९५९मध्ये पक्का ट्रॅक उघडला. ऑटोक्रॉस तर नुसता वळणांचाच खेळ. चाळीस गाड्या चार-चार फेऱ्या मारतात म्हणजे एकाच वळणावर एकशे साठ वेळा ब्रेक लागतो. ते कोणताही किनारा सोसणार नाही.

आता भरतीचं गणित पाहा, कारण ते आपल्या किनाऱ्याचं खास आहे. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी सव्वाबाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. आता यातली मेख बघा. पाणी खूप आत जातं आणि रुंद किनारा उघडा पडतो तो उधाणात, म्हणजे पुनवेच्या-अवसेच्या आगेमागे. आणि नेमकी तेव्हाच ओहोटी येते ती झुंजुमुंजूला नाहीतर दिवेलागणीला. भर दुपारी ओहोटी मिळते ती भांगाची, तेव्हा पाणी फारसं सरतच नाही. दिवसभराची स्पर्धा आणि रुंद कोरडा किनारा हे दोन्ही एकाच रविवारी हवे असतील, तर अलिबागचं पंचांग ते देत नाही. बैलगाडीची शर्यत सकाळच्या दोन तासांत उरकते, म्हणून तिचं जमतं.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. भाग घेणाराही सापडतो आणि भाग घेऊ देणाराही. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा अशी कायद्याची व्याख्या असल्यामुळे किनारा त्यातून सुटत नाही. शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. वाळूच्या टेकड्यांना हात लावणं त्यांत निषिद्ध आहे आणि कासवांची विणीची ठिकाणं सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात ती थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे खेळाचा जो मोसम तोच त्यांचा. आणि सर्वांत आधी तिथे मच्छीमार आहेत, त्यांच्या होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी. माझं मत विचाराल तर कायदा नसता तरी किनारा या खेळासाठी मागू नये.

बैलगाडी शर्यतींची कहाणी आयोजकांनी दुसऱ्या कारणासाठी वाचावी. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्या बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं गावोगावचे दावणीचे बैल उभे होते. शतकाची परंपरा, गावाचा पाठिंबा, पुढाऱ्यांचा जोर, सगळं असूनही शेवटी काम झालं ते कागदावर: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, ठरलेल्या अटी, पशुवैद्यक, रुग्णवाहिका. परंपरा नसलेल्या मोटारीच्या खेळाला कोणी त्याहून सूट देईल असं समजू नये.

किनारा सोडला की प्रश्न उरतो, जागा किती लागते? इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेत ऑटोक्रॉस हा एक प्रकार असतो. त्याचे आखणीचे नियम हौशी आयोजकाने जसेच्या तसे उचलावेत इतके चांगले आहेत. वाट सुमारे ८०० मीटर, रुंदी कमीतकमी साडेतीन मीटर, सरळ तुकडा ६० मीटरपेक्षा लांब नाही, शंकूंच्या रांगेत दोन शंकूंमधलं अंतर साडेसात ते बारा मीटर. एवढं केलं की सरासरी वेग ताशी ४० ते ४८ किलोमीटरवर राहतो. वेगमर्यादेचा फलक लावावा लागत नाही. वाटच गाडीला पळू देत नाही. आपल्या घरगुती गाड्या त्या स्पर्धेतल्या गाड्यांपेक्षा लांब आणि जड, तेव्हा वळणं थोडी मोठी धरायची. शंभर बाय दीडशे मीटर जागेत पाचसहाशे मीटरची वाट आरामात बसते. दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकर झाले.

पण खरी जागा खाते ती वाटेबाहेरची मोकळीक. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी डांबरावर पूर्ण ब्रेक दाबल्यावर साधारण १८ मीटरमध्ये थांबते. सुट्या मुरमावर घर्षण कमी, तिथे तेच अंतर २८ मीटर होतं. डांबरावर ८०चा वेग गाठू दिला तर ३१ मीटर, मुरमावर ५०. अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून सरळ तुकडा छोटा ठेवण्याचा एवढा आग्रह. अमेरिकेतले क्लब वाटेच्या कडेपासून खांब-भिंती निदान २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर लांब हव्यात असं सांगतात आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला त्याहून कितीतरी जास्त. मुरमावर ते अंतर दुप्पट करणंच शहाणपणाचं. जागा बघायला जाताना पन्नास मीटरचा टेप हातात असावा आणि नजर खालीही असावी, वरही. जांभ्याचं कुंपण लांबून दिसतं. महावितरणच्या खांबाची तिरपी ताणतार मात्र शंकू मांडेपर्यंत दिसत नाही, आणि तीच घात करते.

इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने सोडवला. युद्ध संपलं आणि शेकडो धावपट्ट्या रिकाम्या पडल्या. सिल्व्हरस्टोन हा बॉम्बर विमानांचा तळ होता, तिथे १९४८मध्ये ब्रिटिश ग्रां प्री झाली. अमेरिकेत जनरल कर्टिस लमेने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलाचे तळ हौशी मोटार क्लबांना वापरू दिले. आपल्या देशातही मद्रासजवळची शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी कित्येक वर्षं शर्यतींचं माहेरघर होती. रायगडच्या किनाऱ्याला अशी वारसाहक्काने आलेली धावपट्टी नाही. जिल्ह्यात विमानतळ झाला तो उलव्याला, ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेला, आणि तिथे शंकू मांडायला कोणी देणार नाही. उरणची बंदराची कंटेनर यार्डं पाहून तोंडाला पाणी सुटतं, पण बंदराच्या सुरक्षेच्या नियमांत बाहेरच्या चाळीस गाड्यांना जागा नाही.

मग काय उरतं? पहिलं मनात येतं ती भाताची खलाटी. कापणीनंतर मोकळी दिसते, गावची क्रिकेटची सामनेबाजीही तिथेच चालते. पण मोकळी दिसते तेवढी ती नसते. अलिबागेत कार्ले, खंडाळे, नेहुलीच्या शेतांत भातामागून पांढरा कांदा येतो, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि बाकी ठिकाणी वाल. त्या वालावर जानेवारीतल्या पोपट्या अवलंबून. त्याच्यावरून गाडी नेण्याचं पाप कोण करेल? जिथे दुसरं पीक नाही तिथे बांध आहेत. दर वीस-तीस पावलांवर बांध, आणि बांध फोडायचा विषय काढला की शेतकरी चहा न देता उठतो. खारेपाटात बांध कमी, पण उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगांत स्विफ्टचं चाक अडकेल अशी स्थिती. मिठागरांचा विचार करूच नका, तळ ओला असतो आणि खारं पाणी गाडीचा पत्रा खातं.

शाळेचं मैदान सपाट असतं, पण शंभर मीटरांत शाळा असली की ते शांतता क्षेत्र ठरू शकतं, आणि बहुतेक मैदानं ऑटोक्रॉसला अपुरी. बिनशेती करून मुरूम टाकलेले प्लॉटचे लेआउट हा चांगला पर्याय. विक्री रखडली की दोनदोन वर्षं तसेच पडून असतात, रोलर फिरलेला असतो, मालक एकच असतो. मालक एकच, हे कोकणात फार मोठं सुख आहे. इथल्या सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात, त्यांतली सात मुंबईला, दोन वारलेली आणि एक कोर्टात. चरीच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या हक्कासाठी १९३३ ते १९३९ असा संप ज्या मुलखात केला, तिथे जमीन हा हळवा विषय असणारच. एका भावाने हो म्हटलं म्हणून शंकू मांडायचे आणि दुपारी दुसऱ्याने येऊन गाड्या अडवायच्या, हा प्रसंग टाळायचा असेल तर सातबारा आधी काढा.

माझ्या हिशेबाने सर्वांत योग्य जागा औद्योगिक वसाहतीत आहे. धाटाव, महाड, विळे-भागाड अशा ठिकाणी कारखाना न उभारलेले सपाट भूखंड असतात. तिथे रस्ता आहे, अग्निशमन केंद्र हाकेवर आहे, मालक कागदावर स्पष्ट आहे. आवाजाचं गणितही तिथे बसतं, कारण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दिवसा निवासी भागाला ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि औद्योगिक भागाला ७५ची. फक्त भूखंडावरच खेळायचं, वसाहतीच्या रस्त्यावर नाही, कारण तो रस्ता सार्वजनिक. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने ज्या बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यांत दिघी आहे. अशा प्रकल्पांत रस्ते आणि सपाटीकरण आधी होतं, कारखाने मागाहून येतात. मधल्या काळात तिथे जागा मागून पाहावी; नाही म्हणतील, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि एक नाव कोणी घेत नाही ते लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं. आवार प्रशस्त आहे, सुट्टीत रिकामं असतं, आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना सोबत घेतलं तर वेळ मोजणारे, शंकू उचलणारे, आखणी तपासणारे असे सगळे हात तिथेच मिळतात.

मोसमाचा हिशेब आणखी कडक. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात जमीन ओली. मार्चमध्ये परीक्षा आणि शिमगा. एप्रिल-मे कोरडे खरे, पण धूळ इतकी उडते की पाणी मारावंच लागतं. चौरस मीटरला एक लिटर धरला तरी दीड हेक्टरला एका वेळचं पंधरा हजार लिटर, आणि त्या उन्हात ते बघता बघता सुकतं. ज्या महिन्यांत शेजारच्या वाडीत टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात, त्या महिन्यांत गाड्यांच्या धुळीवर टँकर ओतायचा? गावाने पुन्हा कधी उभं केलं नाही तर तक्रार करू नये. म्हणजे खरा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यातूनही नाताळ-नववर्षाची गर्दी आणि गावच्या जत्रेचा रविवार वजा करा.

कागदपत्रांत मालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलीस ठाणं आणि तहसील कार्यालयाची परवानगी हे तर आलंच. अधिकृत स्पर्धा असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना आणि स्पर्धकांची लायसन्सं लागतात. हे सव्यापसव्य वाटतं, पण त्यामागे विम्याचं कारण आहे. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. शंकूंच्या वाटेवर गाडी कलंडली तर घरच्या विम्यातून दमडी मिळणार नाही. प्रेक्षकाला लागलं तर प्रश्न त्याहून मोठा. म्हणून स्पर्धेचा वेगळा विमा आधी, बॅनर नंतर.

भाडं ठरवताना मालक एकच प्रश्न विचारतो: जागा कशी परत देणार? घट्ट मुरमावरही एकशे साठ ब्रेकांनंतर वळणाच्या आत अर्धा फूट खोल चाकोऱ्या पडतात आणि सुटा खडा बाहेरच्या कडेला ढीग होऊन बसतो. प्लॉट विकायला काढलेल्या माणसाला सोमवारी गिऱ्हाईक दाखवायचं असतं. तेव्हा अनामत रक्कम द्यावी, स्पर्धेआधी आणि नंतर त्याच चार कोपऱ्यांतून फोटो काढावेत, आणि जेसीबी, रोलर, एक टँकर पाणी असं सोमवार सकाळचं भाडं प्रवेश फी ठरवतानाच त्यात धरून टाकावं. ते धरलं नाही, तर दुसऱ्या स्पर्धेसाठी पुन्हा टेप घेऊन नव्या गावात फिरावं लागतं.